इगुसाची चटई: गोव्याच्या पावसाळ्यात लव्हाळा कितपत टिकतो

‘जपानी चटई’ म्हणून ऑनलाइन मिळणारी, साधारण ३ बाय ६ फुटांची, लांब कडांना कापडी काठ लावलेली, हिरवट रंगाची चटई. विकणारे तिला कधी ‘रश ग्रास’, कधी ‘सीग्रास’, तर कधी नुसतंच ‘नैसर्गिक गवत’ म्हणतात. योगवर्गांत, होमस्टेंमध्ये आणि हल्ली घरांच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावरही, ती दिसू लागली आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: ऑक्टोबर ते मे या चटईला तोड नाही. जून ते सप्टेंबर मात्र ती कोवळ्या रोपासारखी जपावी लागते. ते जमणार नसेल तर पैसे वाया घालवू नका, दक्षिणेकडून येणारी कोरैची, म्हणजे मोथ्याच्या काडीची, चटई घ्या. त्या दोघींतला फरक पुढे येतोच.

आधी ही कशाची आहे ते पाहू, कारण तिचे सगळे गुण आणि सगळे दोष त्या एका काडीत आहेत. जपानी भाषेत या वनस्पतीला इगुसा म्हणतात. शास्त्रीय नाव जंकस इफ्यूसस. चटईसाठी लावतात तो तिचाच लागवडीखाली आलेला प्रकार. मूळची ही पाणथळीतली रानटी वनस्पती आहे. युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेत ओढ्याकाठी, दलदलीत, गुरांच्या ओल्या कुरणात तिचे झुबके आपोआप उगवतात. पान म्हणावं असं काही दिसतच नाही. बुडाशी तपकिरी आवरणं असतात, तीच तिची पानं. बाकी सगळी हिरवी, गुळगुळीत, गोल काडी. फुलांचा तुरा काडीच्या अंगातून बाजूला फुटल्यासारखा वाटतो, पण ती नजरेची फसगत आहे. तुऱ्याच्या वर दिसणारा भाग म्हणजे खोड नव्हे, खोडासारखंच सरळ उभं राहिलेलं एक पातं आहे.

मराठीत आपण याला लव्हाळा म्हणू, पण जपून. आपल्याकडे लव्हाळा हा शब्द ओल्यात उगवणाऱ्या निम्म्या वनस्पतींना चालतो. भाताच्या खाचरातला मोथा लव्हाळा, नागरमोथा लव्हाळा, तळ्याच्या कडेचं काहीही बारीक-उंच ते लव्हाळा. चटईच्या दृष्टीने यातले दोन गट वेगळे ओळखायला हवेत. काडी दोन बोटांत धरून फिरवा. तीन कोन बोटाला लागले तर ती मोथ्याच्या कुळातली. एकही कंगोरा न लागता सहज फिरली तर ती जंकसची असू शकते. ‘असू शकते’ एवढंच, कारण मोथ्याच्या कुळातही काही काड्या गोल असतात. मग आडवी कापून पाहा. इगुसाच्या आत बुडापासून शेंड्यापर्यंत सलग पांढरा, स्पंजासारखा गर असतो. जंकसच्याच दुसऱ्या एका जातीत, जंकस इन्फ्लेक्ससमध्ये, हा गर तुटक असतो, मधेमधे पोकळ कप्पे राहतात, आणि तिची काडी निळसर, उभ्या रेघांची असते. चटईसाठी लावतात ती ही नव्हे.

तो पांढरा गर हीच या चटईची किमया. भिंगाखाली तो चांदण्यांच्या आकाराच्या पेशींचं जाळं दिसतो. चांदणीचं एक टोक दुसरीच्या टोकाला टेकलेलं, आणि मधे सगळी हवा. चिखलात रुतलेल्या मुळांपर्यंत प्राणवायू पोचवण्यासाठी झाडाने केलेली ही सोय आहे. चटई झाल्यावर हीच हवा पाठीखाली गादीचं काम करते. एप्रिलच्या दुपारी चटई अंगाला चिकटत नाही ती याच कारणाने: घाम काडीत शिरतो आणि हळूहळू बाहेर पडतो. हाच गर काढून तेलात भिजवला की दिव्याची वात होते. चिनी भाषेत या झाडाचं नावच ‘दिव्याच्या वातीचं गवत’ अशा अर्थाचं आहे. विलायतेत गरीब घरांत मेणबत्तीऐवजी चरबीत बुडवलेला हाच गर जाळत असत. चटईतून सुटलेली एखादी काडी हाती लागली तर तासभर पाण्यात ठेवा, नखाने साल सोला, आतला दोरा वाळवा आणि समईत लावून पाहा. कापसाच्या वातीपेक्षा ज्योत बारीक येते, पण जळतो नीट.

आपल्याकडे खाचरात लव्हाळा दिसला की मुळासकट उपटतात. जपानात क्युशू बेटावर, कुमामोतो प्रांतातल्या यात्सुशिरो परिसरात, भातासारख्याच पाणी भरलेल्या शेतात तो मुद्दाम लावतात. लावणी नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत, कापणी जून-जुलैत. मे महिन्यात शेंडे छाटतात, म्हणजे बुडाशी ऊन पोचतं आणि नवे लांब कोंब फुटतात. कापल्या कापल्या काड्या पातळ मातीच्या चिखलात बुडवून वाळवल्या जातात. त्यामुळे रंग टिकतो, काडी सगळीकडून सारखी सुकते आणि तो ओळखीचा वास येतो: पहिल्या पावसानंतरचं गवत आणि हिरवा चहा यांच्या मधला. नवी चटई झटकली की हाताला हिरवट-राखाडी धूळ लागते ती हीच माती. बुरशी समजून चटई परत पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कोरड्या कपड्याने दोन-तीनदा पुसली की धूळ संपते. ओल्या कपड्याने पुसलीत तर त्याच मातीचे डाग बसतात.

आता खरेदी. स्वस्त मालाचा बराचसा भाग चीनमधला असतो. त्यात गैर काही नाही, काडी तीच आहे. फरक पडतो तो काडीच्या लांबीत. काडी लांब असेल तर बूड आणि शेंडा दोन्ही छाटून फक्त मधला एकसारखा भाग विणता येतो. आखूड असेल तर बुडाचा तपकिरी आणि शेंड्याचा मातकट भागही चटईत घ्यावा लागतो. म्हणून चटई पूर्ण उलगडून काठालगतचा चार बोटं भाग पाहा. तिथे रंग गढूळ आणि मधे स्वच्छ असेल तर काड्या आखूड आहेत. अशी चटई काठाकडूनच आधी मोडते.

दुसरी परीक्षा वजनाची. एकाच मापाच्या दोन चटया दोन हातांत धरा, जड असेल ती घ्या. जपानात तातामीच्या, म्हणजे घरात जमिनीवर बसवायच्या जाड चटईच्या, एका पूर्ण पृष्ठासाठी चार हजारांहून जास्त काड्या लागतात, उंची मालात त्याहून कितीतरी. काड्या कमी घालून वीण सैल ठेवली की चटई हलकी होते आणि फोटोत ते कळत नाही. ऑनलाइन घेताना वजन लिहिलेलं नसेल तर विचारा. दुकानदार सांगायला टाळाटाळ करत असेल तर तेच उत्तर समजा.

तिसरी, उभ्या धाग्याची. चटई थोडी वाकवून दोन काड्यांमधली फट उघडा, आत ताण्याचा धागा दिसेल. सुती असेल तर ठीक, ताग किंवा अंबाडीसारखा भरड धागा सोबत असेल तर उत्तम. नायलॉनचा चकचकीत धागा दिसला तर नको. तो तुटत नाही खरा, पण वजन पडलं की काडीला कापतो.

आणि खरी आहे की नाही? काठाखालून काडीचं टोक ओढून एक इंच कापा आणि जाळा. इगुसा गवतासारखी जळते, राख बोटांत चुरते. प्लॅस्टिक वितळून त्याचा गोळा होतो. कागदाच्या पिळाची चटईही हल्ली विकतात. तो पिळ पाण्यात ठेवला की उलगडतो. कागदाची चटई वाईट नसते, बुरशीला उलट जरा कमी बळी पडते, पण तिला इगुसाची किंमत देऊ नका.

एका गोष्टीवर तडजोड नको: खालचं अस्तर. पुष्कळ चटयांना तळाशी फोम किंवा न विणलेल्या कापडाचा थर चिकटवलेला असतो. मऊपणासाठी, आणि फरशीवर सरकू नये म्हणून. गोव्यात हे अस्तर म्हणजे बुरशीची नर्सरी. वरून चटई कोरडी, हिरवीगार दिसते. खाली फोम आणि काडी यांच्या मधे ओल कोंडते. काळे ठिपके वर उमटेपर्यंत तळ गेलेला असतो. बिनअस्तराचीच घ्या. सरकण्यावर उपाय म्हणून खाली पातळ सुती सतरंजी घाला. रबराची जाळी नको, तीही ओल धरते.

वापराचं पहिलं कलम गुंडाळण्याचं, कारण सर्वांत जास्त चटया इथे मोडतात. काड्या चटईच्या रुंदीत आडव्या जातात, धागे लांबीत उभे. आखूड बाजूकडून गुंडाळली तर वाकतो तो धागा, काडी गुंडाळीत सरळ निजते. लांब बाजूकडून गुंडाळली, किंवा उभी दुमडून कपाटात कोंबली, तर प्रत्येक काडी मधोमध मोडते. पहिल्या वेळी आवाज होत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्या रेषेवर कुसळं उभी राहतात आणि तिथून चटई दोन तुकड्यांत जाते. हा दोष मालाचा नसतो, तरी तक्रारींमध्ये ‘महिन्यात फाटली’ असं लिहिलेलं असतं ते बहुतेक हेच. घडीच्या चटईला पट्ट्यांमध्ये कापडी बिजागरी असते. घडी तिथेच, दुसरीकडे नाही.

केर काढायचा तोही काडीच्या दिशेने, आडवा. केरसुणी चालते, प्लॅस्टिकचा ताठ ब्रश नाही. उलट दिशेने घासलं की साल सुटते आणि पांढरा गर उघडा पडतो. सुटलेली काडी ओढायची नाही, कात्रीने सपाट कापायची. योगासनांसाठी घेणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं: उभ्याने टाच ओढून करायच्या आसनांत ही चटई वर्षभर टिकत नाही. बैठी आसनं, प्राणायाम, शवासन यांसाठी मात्र रबरी मॅटपेक्षा सरस.

आता पावसाळा. जुलै-ऑगस्टात आपल्या हवेतली आर्द्रता क्वचितच ८० टक्क्यांच्या खाली उतरते, आणि बुरशीला ७०-७५ पुरेशी असते. इगुसाचा गर ओल शोषतो, हाच गुण इथे उलटतो. नव्या चटईला धोका जास्त, कारण ताजी काडी जास्त पाणी पिते. म्हणून मे अखेरीला खरेदी करू नका. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पाहुणे येणार म्हणून जुलैत मागवणं तर त्याहून वाईट. ऑक्टोबरात घ्या, म्हणजे पहिला पाऊस येईपर्यंत काडी मुरलेली असेल, हिरव्याची सोनेरी झालेली असेल.

जमीन कोणती हेही पाहा. जुन्या चिऱ्याच्या घरांत जोत्यातून ओल वर चढते. शेणाच्या, सिमेंटच्या किंवा लाल कोब्याच्या जमिनीवर पसरून ठेवलेली चटई चार दिवसांत खालून मऊ पडते. टाइल्सवर जरा बरं, पण तिथे उलटा त्रास: पंखा बंद असला की फरशीला घाम येतो. नियम एकच, पावसाळ्यात चटई पसरून ठेवायची नाही. वापरली, झटकली, उचलली. ठेवायची ती उभी, सैल गुंडाळून, भिंतीपासून चार बोटं दूर, पंख्याचा वारा लागेल अशा ठिकाणी. पलंगाखाली नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नाही. ‘सुरक्षित राहावी’ म्हणून पिशवीत बांधून माळ्यावर टाकलेली चटई दसऱ्याला उघडली की राखाडी केसाळ निघते. एसी असलेल्या खोलीत ड्राय मोडवर रोज दीड-दोन तास मिळाले तर अर्धं काम होतं. एसी नसेल तर आठवड्यातून दोनदा, पाऊस उघडलेला असताना, दाराशी वाऱ्यावर टांगा. कडक उन्हात दिवसभर नको. अर्धा तास ऊन, मग सावली. जास्त उन्हाने काडी ठिसूळ होते आणि कट्‌कन मोडायला लागते.

एवढं करूनही बुरशी आलीच, तर घाईत ओला कपडा घेऊ नका. पहिली चूक तीच होते, आणि बुरशी काडीत आत शिरते. तोंडाला रुमाल बांधून चटई बाहेर न्या. व्हॅक्यूम असेल तर काडीच्या दिशेने फिरवा, नसेल तर बाहेरच कोरड्या मऊ ब्रशने झाडा. मग ७०-८० टक्क्यांचं अल्कोहोल, म्हणजे रंग-वास नसलेलं द्रव सॅनिटायझर (जेल नाही), कपड्यावर घेऊन पुसा. थेट चटईवर ओतू नका, आणि जवळ उदबत्ती-दिवा पेटता ठेवू नका. दहा मिनिटांनी पुन्हा कोरड्या कपड्याने पुसून पंख्याखाली दोन तास. हिरवट-पांढरी बुरशी याने जाते. काळे ठिपके गरात उतरलेले असतील तर जात नाहीत. ब्लीच किंवा फिनेल वापरलं तर ठिपके राहतात आणि चटई मात्र पिवळट डागांची होते. बुरशीनंतर कधी कधी टाचणीच्या टोकाएवढे फिकट किडे फिरताना दिसतात. ते चटई खात नाहीत, बुरशी खातात. चटई वाळली की आपोआप जातात, फवारा मारायची गरज नाही. कसर आणि वाळवी ही वेगळी प्रकरणं. वाळवी असलेल्या भिंतीला चटई टेकवली तर एका रात्रीत काठ गेलेला असतो.

डागांचं थोडक्यात. चहा, सोलकढी सांडली तर टिपून घ्या, वर मीठ किंवा टाल्कम पावडर टाका, सुकली की ब्रशने काढा. खोबरेल आणि सनस्क्रीन लोशनवर पावडरच, आणि रात्रभर. हळद निघत नाही. टेबल-खुर्चीच्या पायाचा खड्डा पडला तर त्यावर ओलसर कपडा ठेवून कोमट इस्त्री क्षणभर टेकवा, दबलेला गर फुगून वर येतो. ही युक्ती पावसाळ्यात करू नका. जेवणाच्या पंगतीला ही चटई घालूच नये. गरम भांड्याचा गोल डाग कायमचा बसतो, आणि कढीचे शिंतोडे वेगळेच.

कोरैशी तुलना करायलाच हवी, कारण आपल्या बाजारात ‘लव्हाळ्याची चटई’ म्हणून बहुधा तीच हातात येते. ती सायपेरस वंशातल्या मोथ्याची, तीन कोनी काडीची. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळच्या पत्तमडैची यासाठी ख्याती आहे, आणि त्या चटईला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तिथे काडी उभी चिरून आतला गर काढून टाकतात, उरते ती चिवट साल. गर नाही म्हणून गादीसारखा मऊपणा नाही, आणि गर नाही म्हणूनच ओलही कमी धरते. ओलसर कपड्याने पुसता येते, लवकर सुकते. बारीक विणीची पत्तमडै चटई तर कापडासारखी मऊ वागते. भरड विणीची उघड्या पाठीला थोडी टोचते, एवढंच. आपल्या किनाऱ्यावर केवड्याच्या पानांच्याही चटया विणत. त्या इगुसापेक्षा राकट आणि पावसाला पुष्कळ अधिक सोसणाऱ्या. मिळाली तर सोडू नका.

म्हणजे हिशेब असा. माडीवर, कोरड्या, हवेशीर खोलीत दुपारी लवंडायला किंवा बाळाला निजवायला इगुसा घ्या, अस्तराशिवाय, जड, ऑक्टोबरात. पाचपैकी चार. तळमजल्यावरच्या चिऱ्याच्या घरात, किंवा चार महिने बंद राहणाऱ्या फ्लॅटमध्ये, पाचपैकी दीड. भजनाला, चवथीला दहा माणसं बसवायची असतील तर कोरै. किनाऱ्यावर वाळूत न्यायची असेल तर दोन्ही नको: वाळू विणीत अडकते, खारं पाणी लागलं की मीठ सतत ओल ओढत राहतं, आणि चटई पुन्हा कधी पुरती सुकत नाही.

नीट सांभाळली तर चार-पाच वर्षं चालते. पहिल्या दोन वर्षांनी एक बाजू झिजली की चटई उलटी करून वापरा. वीण दोन्हीकडून सारखी असते, फक्त काठाची शिलाई उलटी दिसते. पार गेली की पॉलिस्टरचा काठ उसवून वेगळा काढा आणि बाकीची कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीच्या बुंध्याशी अंथरा, तणही दबतं. ताण्याचा धागा सुती असेल तर तोही मातीत कुजतो. नायलॉनचा असेल तर तो आधी ओढून काढा, नाहीतर पुढच्या वर्षी कुदळीत गुंतेल.